शेप्याला थंडी किती

धसई, ता. मुरबाड
८ जून १९९८

गिरजा,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी आहेत. आधी पेट्या मोजून घे. चार आहेत. नवसूच्या जीपमध्ये मी माझ्या हाताने चढवल्या. सरळगाव, किन्हवली करत दुपारपर्यंत आटगावला पोचतो म्हणाला. वाटेत कुठे थांबला होता का, ते त्याला विचार. तोंडावर विचारू नको. चहा देता देता विचार.

पेट्यांत आपल्या बांधावरचा शेप्या आंबा आहे. कशासाठी पाठवला ते तुझ्या वहिनीने कळवलं असेल, पण ती अर्धंच सांगते, म्हणून पुन्हा लिहितो. परवा अंगणात आपल्या धाकट्या अनंताशी बोलाचाली झाली. सुरुवात त्याने केली.

“दादा, शेप्याच्या खालच्या फांद्यांनी माझ्या भातावर सावली पडते.”

मी म्हटलं, “फांदीला हात लावायचा असेल तर सरळ झाडच तोड ना.”

तर म्हणतो, “बरं, झाड तर झाड. मुरबाडचा वखारवाला उभं झाड घ्यायला तयार आहे. नायतरी शेप्या आठ दिवसांचा पाव्हणा. सकाळी पिकला की संध्याकाळी नासला, आणि वरून पाऊस.”

बघ, वखारवाल्याशी बोलणंही होऊन बसलं होतं! मी चार माणसांसमोर सांगितलं की शेप्या टिकतो, टिकवणारा पाहिजे. भाताची आवणी उरकली की घरच्या पंगतीला मी शेप्या वाढीन. पिकल्या शेप्याचा तो शेपूच्या भाजीसारखा वास पंगतीत सगळ्यांना आला, तर झाडाला कुऱ्हाड लागणार नाही. नाही आला, तर वखारवाल्याला मीच बोलावीन. अनंता “कबूल” म्हणाला. फार लवकर म्हणाला.

फळ तयार पण हिरवं आहे. काठीला जाळी लावलेल्या झेल्याने उतरवलं, एकही जमिनीवर पडू दिलं नाही. देठ करंगळीच्या पेराएवढा राखला. मग गवतावर देठ खाली करून ठेवलं आणि चीक निथळू दिला. चीक सालीवर ओघळला की डाग पडतो आणि डागातून कूज आत शिरते. हे मला कोणी शिकवलेलं नाही. तीस वर्षं फळांकडे बघून मीच शिकलो.

कमळाकरराव कोल्ड स्टोरेजच्या मशीनवर आहेत, म्हणून माल तुमच्याकडे धाडला. पण ते आणि अनंता जुने जोडीदार, एका जाळ्याने मासे धरलेले. तू लक्ष ठेव. पेट्यांना सुंभाची गाठ मी माझ्या पद्धतीची मारली आहे. ती सुटली तर मला कळेल.

सर्वांना आशीर्वाद.

तुझा भाऊ
भगीरथ


आटगाव
१३ जून १९९८

दादास नमस्कार, वहिनीला जास्त नमस्कार.

पेट्या चार आल्या. नवसू किन्हवलीला थांबलेला, मिसळ खायला. मी विचारलं नाय, त्याच्या शर्टावरच लिहिलेलं होतं. तुझ्या गाठी मात्र तशाच आहेत. ह्यांनी त्या बघितल्या आणि बोलले, “दादाने आंबे पाठवलेत का आरोपी?”

आता कामाचं. कोल्ड स्टोरेजमध्ये दोन खोल्या चालू आहेत. एका खोलीत बटाटा. ती चार डिग्रीवर असते. दुसऱ्या खोलीत कोणा व्यापाऱ्याचा हापूस आहे, ती तेरा डिग्रीवर. शेठने हापूसच्या खोलीत तुझ्या पेट्यांना कोपरा दिलाय. हे म्हणतात, आंब्याला तेराच्या खाली न्यायचं नाय. मी विचारलं, तेरा म्हणजे किती थंड? तर बोलले, माहुलीच्या पायथ्याला पौषातली पहाट. मी आत जाऊन बघितलं. शाल घेऊन गेले असते तर बरं झालं असतं.

दादा, एक विचारू? अनंता फांदीच बोललेला ना आधी? तू झाड काढलंस.

वहिनीचा गुडघा कसा आहे?

गिरजा


धसई
१७ जून १९९८

गिरजा,

वहिनीचा गुडघा तसाच आहे. झाड कोणी काढलं हा प्रश्न आता उरलेला नाही. तू त्यात पडू नको.

तेरा डिग्री? तेरा म्हणजे काय थंडी झाली? तेवढ्यात तर माणूस अंगणात निजतो. माझ्या आंब्याला पौषातली पहाट नको, राखून ठेवणारी थंडी हवी.

मी हे हवेत बोलत नाही. मुरबाडच्या बाजारात जुनी पुस्तकं विकायला बसतो त्याच्याकडून फळं साठवण्याचं पुस्तक घेतलं आणि दोनदा वाचलं. आंब्याचं प्रकरण वाळवीने खाल्लं आहे, पण पीच आणि आलुबुखार यांचं प्रकरण शाबूत आहे. त्यात स्वच्छ लिहिलं आहे की ही फळं शून्याच्या आसपास ठेवावीत, म्हणजे आठवडेच्या आठवडे राहतात. का? तर ती कोयीची फळं. बाहेर गर, मध्ये एकच टणक कोय. मग आंबा काय आहे? पेरू आहे की सीताफळ आहे? आंबाही कोयीचाच. कोयीच्या फळांची जात एक, तर थंडीही एकच. पुस्तकाला वाळवी लागली तरी अकलेला लागत नाही.

म्हणून माझ्या पेट्या बटाट्याच्या खोलीत हलवायला सांग. शून्य मिळत नाही, निदान चार तरी मिळू दे.

आणि कमळाकररावांनी तेराचा हट्ट का धरावा? हापूसवाला व्यापारी आपला माल पिकवून विकणार, त्याला तेरा चालत असेल. माझा आंबा ऊबेत पिकावा, पंगतीच्या आधीच नासावा, असं कोणाला हवं आहे? ते मत कमळाकररावांचं की दुसऱ्या कोणाचं, एवढंच मला कळव.

भगीरथ


आटगाव
२४ जून १९९८

दादा,

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य गाळलं, पण ह्यांनी माझ्या हातातून घेऊन तेही वाचलं. मग दाढी करत बसले. अर्धी दाढी झाल्यावर बोलले, “दादाचा माल, दादाची मर्जी. पण मी नको म्हणालो, हे तू ऐकलंस.” मी ऐकलं, आणि तुला कळवते.

पेट्या त्यांनी स्वतः खांद्यावरून बटाट्याच्या खोलीत नेल्या. हमालाला हात लावू दिला नाय.

तुझं ते कोयीचं मी ह्यांना समजावून सांगितलं. तर बोलले, “कोय सारखी म्हणून फळ सारखं? मग मी आणि तुझा दादा दोघांना नाक आहे, आम्ही काय भाऊ झालो?” मला हसू आलं. रागावू नको.

परवा अनंता येऊन गेला. शहापूरला बियाण्याचं काम होतं म्हणाला. जेवला, ह्यांच्याबरोबर मशीन बघायला गेला, संध्याकाळच्या एसटीने परत गेला. काय बोलले ते मला नाय माहीत. मी भाकऱ्या करत होते.

गिरजा


धसई
२९ जून १९९८

गिरजा,

अनंता बियाणं धसईत घेतो. दरवर्षी धसईतच घेतो. शहापूरला बियाण्यासाठी जायचं काय कारण?

नीट आठवून लिही. येताना त्याचे हात रिकामे होते का? कोल्ड स्टोरेजच्या आत गेला का? बटाट्याच्या खोलीत गेला का? गेला असेल तर किती वेळ? दार कोणी उघडलं? भाकऱ्या करताना माणसाचे हात गुंततात, कान गुंतत नाहीत.

इकडे त्याचं वागणं मला पसंत नाही. आवणाची रोपं उपटताना शीळ घालतो. काल बांधावरून मला विचारतो, “दादा, शेप्याला थंडी किती ठेवलीस रे?” थंडी कमीजास्त असते हे त्याला कोणी सांगितलं? मी नुसतं रोखून बघितलं. तर म्हणतो, “विचारायला नको होतं का?” आणि हसला. मासा गळाला लागला की असा हसायचा तो.

तुझी वहिनी म्हणते, मला शंकेचा आजार आहे. मी तिला म्हटलं, शंका आणि आजार यांतला फरक दोन आठवड्यांत दिसेल.

पेट्यांच्या गाठी पुन्हा बघून ये.

भगीरथ


आटगाव
५ जुलै १९९८

दादा,

गाठी तशाच. तू लिहिलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नायत, आणि जी आहेत ती मी देणार नाय. मी लग्न करून आटगावला आले, पोलिसात भरती झाले नाय. इकडेपण आवणी आहे. माझी कंबर चिखलात आणि तुझी पत्रं चौकशीची.

पेट्या चौदा तारखेला नवसू घेऊन येईल. ह्यांनी काल पेटीच्या फटीतून बोटाने एक फळ चाचपलं, फिरवलं, सोडलं. मी विचारलं, कसं आहे? तर निघाले बटाट्याची पोती मोजायला. हे असं टाळतात तेव्हा मला बरं वाटत नाय.

ह्यांचा निरोप: पेटी उघडल्यावर फळं लगेच आढीत घालू नको. थंडीतून बाहेर आलं की फळाला घाम येतो. आधी ओसरीवर पसर, वारा लागू दे, कोरडं झालं की मग पेंढ्यात घाल. ओलं घातलंस तर बुरशी धरेल. हे तरी ऐक. हे पीचलापण लागू असेल.

गिरजा


धसई
१८ जुलै १९९८

गिरजा,

पेट्या चौदालाच आल्या. फळं घाम वाळवूनच आढीत घातली. मी कोणाचं ऐकत नाही असं नाही. सांगण्यात अर्थ असेल तर ऐकतो.

आता ऐक. पेटी उघडली तेव्हा फळ हिरवंगार, देठ ताजा. मी वहिनीला हाक मारून दाखवलं. आज पेंढा बाजूला केला. सालीवर राखाडी चट्टे, जागोजाग खड्डे, देवी येऊन गेल्यासारखे. एक बाजू पिवळट, दुसरी हिरवी ती हिरवीच. कापून पाहिलं तर सालीजवळचा गर फिका आणि चिवट. आणि वास? गिरजे, नावाला वास नाही. ओल्या पोत्यालाही काहीतरी वास असतो. ह्याला तेवढाही नाही.

हा शेप्या नाही.

शेप्या कच्चा असो, नासका असो, त्याला शेपूचा वास असतोच. हे मी पन्नास वर्षं जाणतो. थंडीने फळ टिकतं, थंडी वास कुठे नेणार? तेव्हा माझा माल बदलला गेला आहे. माझा आंबा काढून कुठलातरी पडीक आंबा भरला आहे. गाठ माझीच आहे, ते मान्य. पण ती गाठ अनंताला लहानपणी मीच शिकवली होती. तो येऊन मशीन बघून गेला, ते मशीन काय होतं ते आता दिसलं. आणि बटाट्याच्या खोलीची किल्ली कमळाकररावांच्या कमरेला असते. भाच्यांच्या वडिलांना मी चोर म्हणत नाही. पण चोराला दार कोणी उघडून दिलं, हे विचारायचा मला हक्क आहे.

परवा पंगत आहे. वखारवाला आजच येऊन झाडाचा घेर मोजून गेला. दोरी लावून मोजत होता आणि मी बघत होतो.

भगीरथ


आटगाव
१९ जुलै १९९८

दादा,

तुझं पत्र घेऊन आलेल्या नवसूच्याच हाती हे पत्र देतेय, पोस्टाची वाट बघत नाय.

ह्यांनी तुझं पत्र वाचलं. मी लपवलेलं, तरी वाचलं. जेवले नायत. बोलले, “धसईला मी पाय ठेवणार नाय.” तुला मी भाऊबीजेला ओवाळते म्हणून तू काय वाटेल ते लिहिशील? ह्या माणसाने तुझ्या पेट्या पाठीवर वाहिल्या. तुला नको नको म्हणाले, तरी तू सांगितलंस तेच केलं. ऐकलं हाच त्यांचा गुन्हा.

फळ बदललं म्हणतोस? मग डोकं लावू नको, हात लाव. एक फळ चोखून नायतर फोडून कोय काढ. शेप्याची कोय एका अंगाने बसकी असते. लहानपणी सगळ्या आंब्यांच्या कोयींची आपण पिपाणी करायचो, आणि शेप्याची कधी वाजायची नाय म्हणून तू मला ती द्यायचास. ती बसकी कोय दुसऱ्या कुठल्या झाडाला आहे का, ते तू मला सांग.

वास थंडीने गेला. पहिल्यापासून हे मला तेच सांगत होते. बटाट्याच्या थंडीत आंबा वरून टिकतो आणि आतून मरतो, मग पिकत नाय. ते बाहेर आणल्यावर दिसतं, आत असताना दिसत नाय. तुझ्या त्या चार डिग्रीने तुझा शेप्या मेला, दादा. कोणी चोरला नाय.

आणि अनंताबद्दल तू जे लिहिलंस, त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. पण मी त्याला शब्द दिलाय. तू पंगतीला बस. उठून जाऊ नको, एवढं माझं ऐक.

गिरजा


धसई
२६ जुलै १९९८

गिरजा,

तुझं पत्र वाचून मी गोठ्यामागे जाऊन एक फळ फोडलं. कोय धुतली, बोटाने चाचपली. बसकी होती. दुसरं फोडलं. तीही. मग पुढची फोडली नाहीत.

पंगतीचं सविस्तर लिहितो, म्हणजे कोणी तुला अर्धंमुर्धं सांगायला नको.

पानं मांडली. भात, उडदाचं वरण, अनंताच्या बायकोने, पारूने केलेली अळूची भाजी. मी माझं ते चट्ट्यांचं फळ कापून सगळ्यांच्या पानात एक एक फोड वाढली. वाढून झाल्यावर मीच म्हटलं, “ह्याला वास नाही. फळ शेप्याचंच आहे, कोणी बदललेलं नाही. थंडी मी चुकवली. अनंता, बोललो तसं करीन.”

अनंताने फोड नाकाजवळ नेली. म्हणाला, “दादा, अजून एकदा हुंग.”

“हुंगलं. नाही.”

“म्हणजे मी जिंकलो?”

“जिंकलास. आता काय ताशे लावतोस?”

“पारू,” तो आत वळून म्हणाला, “आण गो ती टोपली.”

गिरजे, टोपली दारात यायच्या आधी वास आला. तुझी वहिनी हातातला घास ठेवून उभी राहिली. गुडघा धरून उभी राहिली, पण राहिली.

टोपलीत नऊ शेप्ये होते. पिवळे, सुरकुतलेले, एकदोन देठाकडे काळे पडलेले. पण शेप्ये. अनंता सांगू लागला. त्याच्या शेताच्या बाजूला आलेल्या फांदीचे आंबे त्याने उतरवले, एक पेटी भरली आणि आटगावला नेली. शहापूरचं बियाणं ते हेच. कमळाकररावांनी ती हापूसच्या कोपऱ्यात, तेरावर ठेवली. अर्ध्याहून जास्त नासले, असं तो स्वतःच म्हणाला. राहिलेले नवसूकडून आले, ते पारूने तिच्या खोलीत पेंढ्यात पिकवले, दाराला कडी लावून. म्हणून ते दार हल्ली बंद असायचं. त्या दाराबद्दल मला काय काय वाटलं होतं, ते मी इथे लिहीत नाही.

मी एक उचलला. देठ करंगळीच्या पेराएवढा राखलेला. सालीवर चिकाचा एक डाग नाही.

“हे तुला कोणी शिकवलं?”

“शिकवतोस कुठे तू? झाडाखाली उभा राहून बघतो दरवर्षी. तुझं लक्ष वर असतं.”

“मग गप्प राहिला असतास तर झाड तुझंच होतं. वखारवाला दोरी लावून गेलाय.”

तर तो सगळ्यांसमोर म्हणाला, “मला झाड कुठे तोडायचं होतं? दोन फांद्या छाटायच्या होत्या. भाताला ऊन लागलं की झालं. पण तुझ्याशी फांदी बोलायची सोय आहे का? फांदी म्हटलं की तू बुंध्यावर येतोस. मग मला पण चढली. मी बोललो, बघू या हा टिकवतो का. मग कमळाकरने निरोप धाडला, दादा चारावर ठेवायला सांगतोय, सगळे मरणार. म्हटलं, मरू दे की काय! एक पेटी माझी ठेव.”

“मला का नाही सांगितलं?”

“विचारलं ना बांधावरून, थंडी किती ठेवलीस? तू असं बघितलंस, जसा मी तुझी गाय सोडून नेतोय.”

सगळे हसले. वहिनी सर्वांत जास्त. मी आंबा खाल्ला. तेरावर राहून आंबटपणा थोडा कमी होतो, गोडी तशीच राहते, वास दोन आणे कमी. हे कमळाकररावांना सांग, त्यांना उपयोगी पडेल. तुझ्यामार्फत सांगायचं ते एवढंच. बाकी जे बोलायचं आहे ते मी शनिवारी आटगावला येऊन त्यांच्या समोर बसून बोलीन. ते घरी असतील असं बघ. नसतील तर मी मशीनवर जाईन.

फांद्या काल छाटल्या. मी वर चढलो, अनंताने खालून दोर धरला. कुठून छाटायची यावर वाद झाला. मी दाखवलं तिथूनच छाटली.

आता एक गोष्ट, आणि ह्यावर तू मला खरं ते लिहायचं.

आज सकाळी वखारवाला दोन माणसं आणि करवत घेऊन आला. मी वरच्या शेतात होतो, आवाज ऐकून थांबलो. अनंता बांधावर उभा होता. वखारवाला म्हणाला, “सौदा तुमच्याशी झालाय, माघार कसली घेता?” अनंताने सांगितलं, “झाड माझं नाय. आमच्या दादाचं आहे.”

गिरजे, पंगतीला तो जिंकला होता. चार माणसं साक्षीला आहेत. झाडाचा निम्मा बांध कागदावरही त्याचा आहे. मी जवळपास आहे हे त्याला दिसत नव्हतं, ते मी नीट पाहून घेतलं आहे. मग त्याने असं का म्हणावं? यात त्याचा काय डाव असेल? तुला काही माहीत असेल, तर उलट टपाली कळव.

भगीरथ